ज्येष्ठेची पावलं

भाद्रपदातली सकाळ. पूर्णा नदीच्या काठची काळी माती पावसानं तृप्त होऊन पहुडलेली, आणि तिच्या अंगावर कपाशीचं हिरवंगर्द पांघरूण. पानापानांआड फुलं उमललेली. सकाळी पिवळी, सांजेला गुलाबी, दुसऱ्या दिवशी मातीत. मूग निघाला होता, उडीद निघाला होता, अंगणाअंगणांत शेंगा वाळत होत्या. आणि गावभर एकच लगबग होती: महालक्ष्म्या येणार, महालक्ष्म्या येणार.

वऱ्हाडात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, दोघी माहेरवाशिणी. अनुराधा नक्षत्रावर यायचं, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवायचं, मूळ नक्षत्रावर निघायचं. पाहुणचार अडीच-तीन दिवसांचा, पण धाक वर्षभराचा. काही चुकलं, काही राहिलं, की बाया गालावर हात मारून घेतात आणि म्हणतात, कडक आहेत हो त्या!

गावाच्या वरच्या आळीत अन्नपूर्णाबाईंचं घर. तिथली रीत अशी, की थोरल्या सुनेनं ज्येष्ठेचा मुखवटा हातात धरून उंबरठा ओलांडायचा आणि धाकटीनं कनिष्ठेचा. थोरली कुमुद, धाकटी ज्योत्स्ना. कुमुद लग्न होऊन आली त्या वर्षापासून ज्येष्ठा तिच्याच हातून घरात येत होती. कुंकवाच्या पाण्यात पाय भिजवून, रांगोळीच्या पावलांवर पाऊल ठेवत, ताट-चमच्याच्या गजरात कुमुद चालायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढायचं, की नवरा मुरलीधरसुद्धा तिच्याकडं चोरून बघत राहायचा.

पण यंदा कुमुदच्या अंगावर रेषा होत्या.

जांभळ्या रेषा. डावा स्तन होता तिथं आता एक लांब आडवा व्रण होता, आणि त्या व्रणाभोवती इस्पितळातल्या मशीनवरच्या मुलीनं शाईनं चौकट आखली होती. एक रेष गळ्याखालून, एक काखेजवळून, एक बरगड्यांवरून; कोपऱ्याकोपऱ्यांत फुल्या. "काकू, किरण कुठं सोडायचे ते या रेषांवरून ठरतं," ती मुलगी म्हणाली होती. "यांना पाणी लावायचं नाही, साबण नाही, घासायचं नाही. पुसल्या तर सगळं मोजमाप पहिल्यापासून, आणि तेवढे दिवस वाया."

दिवस वाया घालवणं कुमुदला परवडणार नव्हतं, कारण एक अख्खा हंगाम तिनं आधीच वाया घालवला होता.

गेल्या वर्षी, महालक्ष्म्यांच्याच तोंडावर, पितळी मुखवटे चिंचेनं घासताना हात चुकून छातीला लागला आणि बोटांखाली एक गाठ आली. टणक, न दुखणारी, मुगाच्या दाण्याएवढी. ती क्षणभर थबकली. मग मनाशी म्हणाली, महालक्ष्म्या झाल्यावर बघू. महालक्ष्म्या झाल्या. मग नवरात्र झाल्यावर बघू. मग दिवाळी झाल्यावर, मग कापूस वेचून झाल्यावर, मग नणंदेच्या मुलीचं लग्न उरकल्यावर. बाईच्या दुखण्याला आपल्या पंचांगात मुहूर्तच नसतो, आणि ही गोष्ट बाईइतकी पक्की कोणालाच पाठ नसते. गाठ मात्र सणवार पाळत नव्हती. ती वाढली, काखेपर्यंत पोचली.

मग फाल्गुनात शस्त्रक्रिया झाली. उन्हाळाभर केमो चालली. तोंडाची चव गेली, नखं काळवंडली, कमरेपर्यंतचे केस उशीवर राहिले. डावा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून ती रोज स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभी राहून बोटांनी भिंत चढायची, वीतभर, मग थोडी आणखी, ओठ दाबून. पावसाळ्याबरोबर डोक्यावर नवे केस आले, कोवळे, करडे. आणि मग हे किरण सुरू झाले. शनिवार-रविवार सोडून रोज मुरलीधरच्या जुन्या जीपमधून शहराला जायचं, मशीनखाली पडायचं, परत यायचं.

गेल्या आठवड्यात मशीन बिघडली आणि पाळ्या हुकल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत बजावलं, "आता आणखी खंड पडू द्यायचा नाही. एकही नाही." कुमुदनं मान हलवली. घरी येऊन कालनिर्णय काढला. आवाहनाच्या दिवशी अनुराधा दुपारच्या आत संपत होती. आणि मशीनची पाळीही त्याच सकाळची होती.

सांगितलं असतं तर कोणीतरी वाट काढली असती. तिनं सांगितलं नाही. का नाही, तेही सांगायला हवं.

आवाहनाच्या आदल्या दिवशी घरात फुलोरा तळणं चाललं होतं. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या करंज्या, वेण्या, फण्या कढईत पोहत होत्या, घरभर तुपाचा खमंग दरवळ होता. शेजारच्या दुर्गाकाकू पाटावर टेकल्या आणि आवाज उगाच खाली आणून म्हणाल्या, "अन्नपूर्णाबाई, यंदा ज्येष्ठा धाकटीच्याच हातून येऊ द्या म्हणतो मी. अव्यंग सवाष्ण लागते ना वं त्या कामाले."

खोलीत साड्यांच्या घड्या उलगडत बसलेल्या कुमुदला ते स्पष्ट ऐकू आलं. सासू काय म्हणते म्हणून तिनं श्वास रोखला.

सासू काहीच म्हणाली नाही. कढईतली करंजी तेवढी उलटल्याचा आवाज आला.

त्या गप्प बसण्यानं कुमुदचं काळीज चिरलं. आत्याबाई, सासूला ती आत्याबाईच म्हणे, तशा मायाळू होत्या. केमोच्या दिवसांत त्यांनी तिला डाळिंबाचे दाणे सोलून भरवले होते, मुगाचं कढण हातानं पाजलं होतं. पण शस्त्रक्रियेपासून त्यांची नजर सुनेच्या गळ्याखाली कधी उतरली नव्हती. पदर सरकला की त्या तोंड फिरवत. आता कुमुदला त्या तोंड फिरवण्याचा अर्थ लागल्यासारखा वाटला. तिला वाटलं, मी या घरात उणी झाले. एकदा ज्येष्ठा दुसऱ्या हातात गेली की ती परत माझ्या हातात येत नाही.

म्हणून तिनं मनाशी ठरवून टाकलं. उद्या शहराला जायचं नाही. डोक्यावरून न्हायचं, ओलेत्यानं सोवळं नेसायचं, ज्येष्ठा घरात आणायची. रेषा पुसल्या तर पुसल्या. पुन्हा आखून घेऊ, महालक्ष्म्या झाल्यावर.

तेच शब्द! गेल्या वर्षीचे, जसेच्या तसे! जिभेला चटका बसला तरी माणूस तोच घास पुन्हा उचलतो, याला काय म्हणावं?

आवाहनाचा दिवस उजाडला. आभाळाच्या कडेला हळदीची बोटं उमटली, आणि अंगणातल्या तुळशीपासून देवघरापर्यंत ज्योत्स्नानं पावलांची रांगोळी घालायला घेतली. शुभ्र, बारीक, बोटाबोटांची पावलं. पावलात कुंकू, पावलात हळद. कोठ्या मांडून झाल्या होत्या. कोठ्या म्हणजे महालक्ष्म्यांची धडं. पत्र्याच्या पोकळ, आत गहू-तांदूळ भरलेल्या, वर लाकडी हात अडकवलेल्या. मुखवटे तुळशीपाशी पाटावर वाट बघत होते, चिंचेनं उजळलेले, डोळे टक्क उघडे.

न्हाणीत तांब्याच्या घंगाळात पाणी वाफाळत होतं. कुमुदनं कडी लावली नाही, कडी मोडकीच होती. तिनं पोलकं उतरवलं. खिडकीतून आलेला पहिला उजेड तिच्या छातीवर पडला, त्या व्रणावर पडला, त्या जांभळ्या चौकटीवर पडला. तिनं तांब्या बुडवला. भरला. डोक्याशी उचलला.

"कुमुद."

दारात आत्याबाई उभ्या होत्या, हातात वाळवलेलं सोवळं घेऊन. ओल्या पांढऱ्या केसांतून पाणी निथळत होतं. आणि आज, पहिल्यांदा, त्यांनी तोंड फिरवलं नाही.

क्षण तिथंच गोठला. वरून तांब्यातलं पाणी काठाशी हिंदकळलं, एक थेंब कुमुदच्या खांद्यावर पडला आणि ओघळत निघाला, गळ्याखाली, पहिल्या रेषेकडं. आत्याबाईंनी पुढं होऊन पदराच्या टोकानं तो थेंब मधल्यामध्ये टिपला.

"ह्या कोणं काढल्या वं?"

"मशीनवरच्या पोरीनं."

"कायले?"

"औषधाचे किरण कुठं सोडायचे ते समजाले. पुसू नका म्हणाली."

"मंग तांब्या कायले उचलला?"

कुमुदचा बांध एकदम फुटला. "मी जात नाही आज, आत्याबाई. अनुराधा दुपारपर्यंतच हाये. मी गेली तं ज्येष्ठा कोण आणील? ज्योत्स्ना आणील, अन् मंग... काकू म्हणाल्या ते ऐकलं मी. तुम्ही काही बोलल्या नाही, तेही ऐकलं."

म्हातारीनं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. भरलेला तांब्या त्यांनी परत घंगाळात ओतला.

"मी बोलली नाही, कारण माह्याच पोटात भेव होतं," त्या म्हणाल्या. "तुले पाहाची हिंमत नव्हती माह्यात. काय गेलं ते पाहिलं, तं मीच मोडून पडन, असं वाटे. म्हणून पाहिलंच नाही." त्या वाकल्या. जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांनी ती चौकट नीट न्याहाळली, रेष न् रेष, फुली न् फुली, जशी त्या दरवर्षी दारातली रांगोळी न्याहाळत. मग म्हणाल्या, "महालक्ष्म्या उठल्याशिवाय आपण रांगोळी पुसतो का वं?"

"नाही."

"मंग ही कशी पुसते बह्याडे? काम झालं नाही तिचं आजून."

कुमुद रडली. ज्या दिवशी रिपोर्ट आला त्या दिवशी ती रडली नव्हती, केस गेले तेव्हा रडली नव्हती. आज मात्र लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. आत्याबाईंनी तिला पाटावर बसवलं. धुवट फडकं कोमट पाण्यात बुडवलं, घट्ट पिळलं, आणि तिचं अंग पुसायला सुरुवात केली. कपाळ, मान, उजवा खांदा, पाठ. मग डावी बाजू. तिथं त्यांचा हात मंदावला. फडकं रेषेपर्यंत यायचं आणि वळायचं, रेषेपर्यंत यायचं आणि वळायचं. एका रेषेलाही ओल लागली नाही.

"दुखते का?"

"जळजळते थोडं."

"हं," आत्याबाई म्हणाल्या, आणि व्रणापासून बोटभर अंतरावर त्यांनी हलकेच फुंकर घातली. शेवटी पूर्णेच्या पाण्याचा एक शिंतोडा कुमुदच्या कोवळ्या केसांवर टाकला. "झालं तुह्यं सोवळं. आता जाय."

"अन् अनुराधा?"

"ते मी पाहून घेतो. तू फक्त येजो."

जीप निघाली. दोन्ही बाजूंना कपाशीचं रान मागं पळत होतं, पिवळी फुलं वाऱ्यावर माना डोलावत होती. खड्डा आला की मुरलीधर जीप अगदी हळुवार उतरवी.

इस्पितळात रांग होती. बाकांवर माणसं बसलेली, प्रत्येकाच्या अंगावर कुठं ना कुठं जांभळी रेष; कोणाच्या जबड्यावर, कोणाच्या गळ्यावर, कोणाची पदराआड. आत एका म्हाताऱ्या बाबांना मशीनखाली नीट पडता येत नव्हतं, आणि रांग जागची हलत नव्हती. भिंतीवरचं घड्याळ मात्र हलत होतं. कुमुद त्याच्याकडं बघत राहिली. आता उठलं तर पोचता येईल. आता उठलं तरी पोचता येईल. आता? एकदा ती उठलीसुद्धा, दारापर्यंत गेली, जीपचा पत्रा उन्हात चमकताना तिनं पाहिला.

आणि तिच्या डोळ्यांपुढं ते पिळलेलं फडकं आलं, रेषेपर्यंत येणारं आणि वळणारं. ती वळली. बाकावर येऊन बसली.

शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमच्याकडं महालक्ष्म्या नसतात का?"

"असतात ना. आजच येणार हायेत."

"मंग तुम्ही इथं?"

कुमुद हसली, कसंनुसं. "त्या थांबल्या हायेत."

बोलून गेली खरी, पण मनात आलं, देव थांबतात का कोणासाठी?

तिचा नंबर लागला तेव्हा घड्याळाचे दोन्ही काटे माथ्यावर आले होते. अनुराधा सरत आली होती. थंड खोलीत ती थंड फळीवर निजली. डावा हात डोक्यावर घ्यायचा होता, कोठीवर मुखवटा चढवताना घ्यावा लागतो तसाच, थेट वर. भिंत चढून चढून शिकलेला तो हात वर गेला. कळ आली. ती हलली नाही. जाड दार लागलं, सगळे बाहेर गेले, आणि त्या निर्मनुष्य, निःशब्द, निळसर उजेडात ती एकटी उरली. वर घरघरणारं यंत्र, खाली जांभळी रांगोळी. भीती वाटत होती. मरणाची वाटत होती, कोपाची वाटत होती, घरात उणी ठरण्याची सगळ्यांत जास्त वाटत होती. ती डोळे मिटून श्वास घेत राहिली.

परतताना ऊन कललं होतं. गावाच्या वेशीतूनच कळत होतं, घराघरांत आरत्या झाल्या होत्या, ताट-चमचे वाजून शांत झाले होते. सगळ्यांच्या महालक्ष्म्या घरात गेल्या होत्या. कुमुदनं मान खाली घातली. जीप दारात थांबली तरी तिला वर बघवेना.

मग तिनं वर पाहिलं.

अंगणात, तुळशीपाशी, भर उन्हात आत्याबाई बसल्या होत्या. सकाळचं सोवळं अंगावर तसंच, उपाशीपोटी, आणि मांडीवर ज्येष्ठेचा मुखवटा. मुखवट्याला ऊन लागू नये म्हणून त्यावर पदर धरलेला, स्वतःचं डोकं मात्र उघडं. शेजारी ज्योत्स्ना कनिष्ठेला घेऊन बसलेली. ओटीवर दुर्गाकाकू आणि आळीतल्या बाया. रांगोळीची पावलं तशीच, कोणी पाय न ठेवलेली.

"आत्याबाई, अनुराधा गेली ना..."

"गेली तं गेली," आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "माहेरवाशिणीले याले उशीर झाला म्हणून कोणी दार लावते का?"

दुर्गाकाकूंना राहवलं नाही. "पण अन्नपूर्णाबाई, मुहूर्त टळला. अन् वरून हे असं... अव्यंग..."

आत्याबाई वळल्या. आवाज चढवला नाही. "दुर्गा, आत जाऊन पाह्य माह्या ज्येष्ठेले. धड पत्र्याचं हाये, हात लाकडाचे हायेत, पाय तं देवानं दिलेच नाहीत तिले. ते अव्यंग हाये का? अन् तरी आपण तिच्याच पाया पडतो ना?"

दुर्गाकाकूंनी पदर तोंडाला लावला, आणि कोपऱ्यातलं ताट आणि चमचा स्वतःच उचलून हातात घेतला.

आत्याबाईंनी मुखवटा कुमुदच्या ओंजळीत ठेवला. पितळ उन्हानं तापलं होतं, मांडीच्या उबेनं उबलं होतं. ज्योत्स्नानं वाकून थोरल्या जावेचे पाय धुतले, कुंकवाच्या पाण्यात भिजवले. ताट वाजू लागलं. कुमुदनं पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. पांढऱ्या रांगोळीत लाल उमटत गेलं. उंबरठ्याशी आत्याबाई आडव्या उभ्या राहिल्या, दरवर्षीसारख्या, आणि दरवर्षीचा प्रश्न त्यांनी विचारला.

"कोण आली?"

"महालक्ष्मी आली," ज्योत्स्ना म्हणाली.

"कोणत्या पावलांनी आली?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. सोन्याच्या पावलांनी, मोत्याच्या पावलांनी. ते थोरल्या सुनेनं द्यायचं असतं. कुमुदनं ओठ उघडले, पण नजर आपल्या कुंकवानं भिजलेल्या पायांवर खिळली आणि उत्तर तसंच राहिलं. ताट थांबलं. बाया थांबल्या.

तेव्हा आत्याबाईंनी स्वतःच उत्तर दिलं, साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं.

"माह्या सुनेच्या पावलांनी आली."

आणि त्या बाजूला झाल्या.

कुमुद आत गेली. पदराआड जांभळी रांगोळी, न पुसलेली. पायांखाली पांढरी रांगोळी, उमटत जाणारी. पाय नसलेली देवी तिच्या पायांनी चालली, अंगणातून ओसरीत, ओसरीतून माजघरात, माजघरातून देवघरात; आणि तिच्यामागं घरभर, ओली, लाल, एकामागून एक, पावलं उमटत राहिली.